साडेसोळाचा गळा

१

माझ्यावर विष घातल्याचा आळ आला, तेव्हा मी धुरपदा आजीच्या दंडाला स्पिरिट लावत होते. संपत दारात आला. आत पाऊल न टाकता म्हणाला, "नर्सबाई, ती सुई ठेवा खाली. चुलता पडलाय माझा. काळानिळा झालाय."

मी सुई खाली ठेवली नाही. आजीला टोचली, कापूस दाबून धरायला सांगितलं आणि मग पेटी उचलून निघाले. घाई करणारी नर्स एकाच्या जागी दोघांना मारते, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. बोरमळ्यात मात्र त्याचा अर्थ असा निघाला की बाईला धक्काच बसला नाही, म्हणजे करणी तिचीच.

पडलेले गृहस्थ म्हणजे आनंदराव. अख्खा गाव त्यांना आबा म्हणायचा. सोसायटीचे चेअरमन, शब्द खाली न पडणारा माणूस. आदल्या उन्हाळ्यात, म्हणजे सत्त्याहत्तरच्या मे महिन्यात, त्यांना चालता चालता चक्कर यायला लागली. हृदयाचे ठोके मंद पडत होते. मुंबईला नेऊन उजव्या खांद्याखाली मशीन बसवलं. गाव त्याला बॅटरी म्हणायचा. आलागेला पाहुणा हात लावून बघायचा, आबा शर्टावरूनच लावू द्यायचे.

ते देवीच्या देवळापुढं आडवे होते. चेहरा जांभळा, डोळे तारवटलेले, मानेच्या शिरा टरारलेल्या. कपाळाला पायरीची धूळ लागली होती. मी नाडी धरली. बहात्तर. घड्याळासारखी नेमकी. म्हणजे बॅटरी बिचारी इमानदारीनं चालू होती. पायातली चप्पल ढिली होऊन निसटली होती, ती मी बाजूला ठेवली. आबांना खांबाला टेकवून बसवलं आणि दहाएक मिनिटांत चेहऱ्याचा जांभळा रंग उतरला.

भोवती बाजार गोळा झाला होता. संपत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "सुई घिऊन पंधरा मिन्टं झाली. मागल्या मंगळवारी बी ह्येच. त्याच्या आदल्या मंगळवारी बी ह्येच. काय घालती गं तू सुईत?"

नर्सबाईची 'तू' व्हायला पंधरा मिनिटं पुरली.

२

सुईत बी-कॉम्प्लेक्स होतं. आबांना अशक्तपणा वाटतो म्हणून आमच्या केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. बोरमळ्याचा बाजार मंगळवारी, म्हणून माझी फेरी मंगळवारी, म्हणून आबांची सुई मंगळवारी. बुद्धविहाराशेजारच्या एका खोलीत आमचं उपकेंद्र होतं. वरच्या आळीच्या बऱ्याच लोकांना तिथवर यायचं जिवावर यायचं. आबा मात्र यायचे. उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून घ्यायचे, पण यायचे.

मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. म्हणाले, औषधाची रिअॅक्शन असेल. तू चूक झाली म्हणून लिहून दे, मी बदलीवर भागवतो. नाहीतर गाव पोलिसात जाईल आणि नोकरी जाईल.

मी विचारलं, रिअॅक्शन असेल तर अंगावर गांधी का उठल्या नाहीत, घसा का घरघरला नाही, आणि नुसतं बसवल्यावर दहा मिनिटांत माणूस बरा कसा झाला? त्यांनी एक कागद माझ्याकडं सरकवला. तो आधीच लिहून तयार होता.

शिरूरला माझा बाप आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या भरत होता. मला नर्सचा पांढरा पोशाख मिळाला त्या दिवशी तो म्हणाला होता, "अंजे, सुई टोचताना वाक. दुसऱ्या कशाला वाकू नकू." मी कागद टेबलावर तसाच ठेवून आले.

गावानं माझी सुई बंद केली. आबांच्या घराकडं फिरकायचं नाही असंही बजावलं. मी फिरकले नाही. तरी पुढच्या मंगळवारी आबा पुन्हा देवळापुढंच काळेनिळे झाले. मला वाटलं, आता तरी लोकांच्या डोक्यात उजेड पडेल. छे. संपतनं सांगितलं, विष अंगात मुरलंय.

तीन आठवड्यांनी ग्रामसभा होती. माझी बदली आणि उपकेंद्र हलवणं, असे दोन विषय एका ठरावात होते. तेवढ्या दिवसांत मला शोधायचं होतं की आबांना मारतंय कोण. कारण एवढं मला कळलं होतं की आबा मरायला लागलेत, आणि ते मेले तर ते माझ्याच नावावर मरणार.

३

आबांच्या घरी जायची बंदी होती, नदीवर जायची नव्हती. आबांची बायको साखरबाई धुणं घेऊन भीमेवर यायची. मी पलीकडच्या दगडावर माझं लुगडं आपटत बसले. मग इकडंतिकडं बघून तिनंच तोंड उघडलं.

"बाई, तुम्ही न्हाई वो. मीच मारतीया त्यास्नी."

संक्रांतीपासून ती एका वैदूचा काढा गुपचूप देत होती. चेहरा सुजतो म्हणून. आता त्या काढ्यानंच घात केला, असं तिनं मनाशी धरलं होतं. मी विचारलं, काढा चालू केला तो सुजल्यावर ना? मग सूज काढ्यानं कशी आली? इतकं साधं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मग ती भडाभडा बोलायला लागली. आबा आडवे झोपत नाहीत, तक्क्याला टेकून बसून झोपतात. सकाळी डोळे सुजलेले, दुपारनंतर उतरतात. गाईची धार काढायला वाकले की डोकं फुटतंय म्हणतात, म्हणून धार तिच्याकडं आली. उजव्या दंडातला ताईत मांसात रुतला होता, तो तिनं कापून काढला. लोक म्हणाले, ताईत आवळला म्हणजे बाहेरची बाधा. पाय मात्र काटक्याच राहिले, जुना जोडासुद्धा सैल होतो.

"आन् एक हाय," ती खाली बघून म्हणाली. "तेल लावताना दिसतंय. छातीवर निळ्या मुळ्या आल्यात. वडाच्या पारंब्यावानी खाली उतरल्यात. त्ये कुणाला दावू देत न्हाईत."

हे सगळं कधीपासून, असं मी विचारलं. तिला तारीख सांगता येईना. मग एकदम आठवलं. दिवाळीचा नवा शर्ट आबांच्या गळ्याला लागला नव्हता. शिरूरच्या सावळाराम शिंप्यानं कापड खाल्लं म्हणून मोठा तमाशा झाला होता.

मी बोरमळ्यात हजर झाले ती डिसेंबरात. दिवाळी होती नोव्हेंबरात.

४

सावळाराम शिंप्याचं दुकान शिरूरला, घोडनदीच्या पेठेत. आबांचं नाव काढताच त्यानं मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"चाळीस वर्सं कात्री धरतोय, बाई. भर पेठंत मला चोर म्हनले. कापड खाल्लं म्हनले."

शिंप्यावर हा आळ नवा नाही. कपडा घट्ट झाला की माणूस स्वतःकडं कधी बघत नाही, शिंप्याकडं बघतो. पण सावळारामनं तो आळ गिळला नव्हता. त्यानं फळीवरून मापाची वही काढली आणि माझ्यापुढं आपटली.

शहात्तरचा दसरा. आनंदराव, बोरमळा. गळा पंधरा, कंबर चौतीस. त्याच मापावर सत्त्याहत्तरच्या दिवाळीचा शर्ट शिवलेला. तो परत आला, तेव्हा आबांना उभं करून पुन्हा माप घेतलं होतं. गळा साडेसोळा. उजव्या दंडाला दीड इंच जास्त. कंबर चौतीस, पायजम्याची मोहरी, म्हणजे पायाशी असलेला घेर, होता तेवढाच.

मी त्या दोन ओळी चार वेळा वाचल्या. जाड झालेला माणूस आधी पोटानं वाढतो. हृदय थकलेल्या माणसाच्या पायांना आधी सूज येते. हा माणूस छातीच्या वर सुजला होता आणि खाली जसाच्या तसा होता. जणू कुणी मधे बंधारा घातला होता.

"मी सांगितलं की तवाच," सावळाराम म्हणाला. "मालक च्या प्यायला गेले तवा सांगितलं. म्हनलं, ह्ये अंग सुटल्याचं माप न्हाई, दवाखान्यात दावा त्यास्नी."

"कुणाला सांगितलंत?"

त्यानं नाव घेतलं, आणि मी वही मिटली.

५

शिरूरहून मी घरी गेले नाही, दौंडची एस.टी. धरली. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले डॉक्टर दस्तूर तिथंच बंगली बांधून राहिले होते. आमच्या ट्रेनिंगला ते चारदा शिकवायला आले होते. पाचव्या रांगेतली पोरगी त्यांना आठवण्याचं कारण नव्हतं, आणि आठवलीही नाही. तरी त्यांनी मला खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं.

त्यांनी तीनच प्रश्न विचारले. पाय सुजलेत का? नाही. लघवी तपासली का? तपासली, स्वच्छ आहे. वाकल्यावर वाढतं का? मी हो म्हणणार होते, तोच देवळाच्या पायरीची धूळ माझ्या डोळ्यांपुढं आली.

आबा सुई घेऊन बाजारात जायचे, ते देवळावरून. मंगळवार देवीचा. तिथं ते साष्टांग दंडवत घालायचे. कपाळ पायरीला लागेपर्यंत, नवस फेडल्यासारखे, बराच वेळ. माझी सुई बंद झाली, तरी दंडवत बंद झाला नव्हता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, तसं माझ्या सुईचं आणि आबांच्या पडण्याचं झालं होतं.

डॉक्टर दस्तूरनी कपाटातून एक जाड मासिक काढलं, चष्मा कपाळावर चढवून पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवलं. म्हणाले, "असा पेशंट मी एकपण पाहिला नाही. वाचला आहे, ते पण एकदाच. मुंबईवाल्यांना चिठ्ठी देतो, पण गावानं तुझं ऐकलं नाही तर चिठ्ठीचा काय उपयोग?"

मग त्यांनी मला एक खूण सांगितली. एका मिनिटाची. सुई नको, औषध नको, पेशंटला हातसुद्धा लावायला नको. "पण जवळ डॉक्टर पाहिजे, आणि मिनिटाच्या वर एक सेकंद नाही," एवढं त्यांनी दोनदा बजावलं.

परतीच्या गाडीत मी विचार करत होते की आबा माझ्यासमोर ती खूण करून दाखवतील कशाला? माझा शब्द ते ऐकणार नव्हते. मग ग्रामसभेत ठराव कसा पास करतात ते मला आठवलं आणि त्या खडखडाटात मी एकटीच हसले.

६

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. खुर्चीवर सरपंच तात्याबा. मोठे डॉक्टर आले होते, कारण त्यांना यावंच लागलं. वस्तीतले आमचे लोक एका कडेला उभे होते. सावळाराम शिंपी वही काखेत धरून झाडाखाली बसला होता.

संपत सोसायटीचा सचिव, म्हणून ठराव त्यानंच वाचला. नर्स अंजना ओव्हाळ यांची बदली व्हावी. उपकेंद्राची मंजूर इमारत वस्तीत न बांधता सोसायटीच्या मोकळ्या जागेत बांधावी. ती मोकळी जागा संपतच्या दुकानाला लागून होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

मला बोलायची संधी दिली. सगळ्यांना वाटलं मी रडेन.

मी म्हणाले, "ठराव जरूर करा. पण हात मोजून करा, सावकाश, नाव घेऊन. उद्या कुणी म्हणायला नको की मी नव्हतोच." मग आबांकडं वळले. "आबा, एका हाताचं मत मला कच्चं वाटतं. मी तुम्हाला मारतेय अशी तुमची खात्री आहे ना? मग दोन्ही हात वर करा."

"दोन्ही," ते म्हणाले. "घे. दोन्ही हायती." आणि त्यांनी दोन्ही हात डोक्याच्याही वर ताणून धरले.

मी मोठ्या डॉक्टरांना म्हणाले, घड्याळ बघा.

तात्याबा नावं घेऊ लागले. पाचव्या नावाला आबांचे कान लाल झाले. आठव्याला चेहरा जांभळा झाला, मानेच्या शिरा दोरीएवढ्या फुगल्या. मोजणी थांबली. मी आबांपासून दहा हात लांब उभी होते, आणि माझे हात रिकामे होते.

"हात खाली घ्या, आबा. पुरे."

डॉक्टर धावले. आबांना बसवून धरलं. हात खाली आले तसा रंग उतरत गेला.

मग मी बोलले. मुंबईला आबांच्या छातीत जी बॅटरी बसवली, तिची वायर हृदयापर्यंत जाते ती शिरेतून. डोक्याचं आणि हातांचं रक्त ज्या मोठ्या शिरेतून हृदयाला परत येतं, त्याच वाटेनं. क्वचित कुणाच्या अंगात त्या वायरीभोवती रक्त साकळतं आणि वाट बुजते. बसवणाऱ्याची त्यात चूक नसते. वरचं पाणी वरच तुंबतं. म्हणून गळा वाढला, दंड वाढला. पायांचं रक्त खालच्या वाटेनं येतं, म्हणून पाय काटक्याच राहिले. वाकलं, आडवं झालं, हात वर केले की तुंबारा वाढतो. देवीला दंडवत घातला की वाढतो. "आणि वाट अडली की रक्त आडवाटा शोधतं. साखरकाकी, त्या पारंब्या दाखवा डॉक्टरांना."

आबा नको म्हणत होते. साखरबाई सगळ्या गावासमोर उठली आणि नवऱ्याच्या शर्टाची बटणं तिनं स्वतः काढली. निळ्या शिरा छातीभर खाली उतरल्या होत्या. डॉक्टरांनी एक शीर दोन बोटांनी चेपून रिकामी केली आणि वरचं बोट उचललं. ती वरून भरत आली, म्हणजे रक्त उलटं खाली वाहत होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं ते मी अजून विसरले नाही.

"बरं, बॅटरीनं झालं," संपत म्हणाला. "पर आमाला काय ठावं? आमच्या डोळ्यांपुढं तर सुईनंतरच झालं."

"सावळाराम मामा," मी हाक मारली.

शिंपी पुढं आला आणि त्यानं वहीतल्या दोन ओळी खणखणीत वाचल्या. पंधरा. साडेसोळा. तारीख दिवाळीची. नर्सबाई गावात यायच्या महिनाभर आधीची. मग त्यानं वही मिटून संपतवर बोट रोखलं. "मी यांना सांगितलं, दवाखान्यात दावा. ह्ये म्हनले, शिंप्यानं शिंप्याचं काम करावं. आन् वर मलाच चोर म्हनले."

चार महिने संपतला ठाऊक होतं की चुलता आजारी आहे. त्यानं दवाखाना केला नाही. थांबला. मी आले, सुई आली, मंगळवार जुळला, तेव्हा चुलत्याचा आजार त्याला इमारतीपुरता कामी आला. विष कुणी घातलं नव्हतं. एका माणसानं फक्त तोंड मिटून ठेवलं होतं, आणि ते विषाइतकंच होतं.

सगळ्यांचे हात कधीच खाली आले होते. ठरावाच्या बाजूनं संपतचा एकट्याचा हात अजून वर होता. तो खाली घ्यायचं त्याला सुचलं नाही.

७

त्याच दुपारी जीपमधून आबांना दौंडला नेलं आणि तिथून मुंबईच्या गाडीत बसवलं. झोपवायचं नाही, हे मी डॉक्टरांना दोनदा सांगितलं. त्यांनी मुकाट ऐकलं. मुंबईत शिरेत औषधी रंग सोडून एक्स-रे काढले. शीर बुजलेलीच निघाली. रक्त पातळ करायची औषधं दिली, वायर तपासली, दोन महिने ठेवून घेतलं.

ठराव फेटाळला गेला. तात्याबा म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं, सभेच्या वहीतलं पान फाडून टाकू. मी फाडू दिलं नाही. माझं नाव, माझ्यावरचा आळ आणि हात वर केलेल्यांची आठ नावं, सगळं राहू द्या म्हणाले. आबांच्या नावापुढं 'दोन्ही' असं लिहून घेतलं. उपकेंद्र वस्तीतच बांधलं.

आबा उपकेंद्रात आले ते पावसाळा संपता संपता, एका मंगळवारी. गळा पंधराच्या जवळ आला होता, सावळारामनं नवा शर्ट शिवला होता. त्यांनी खुर्ची मागितली नाही. उंबरा ओलांडून आत आले, रांगेत धुरपदा आजीच्या मागं उभे राहिले आणि नंबर आल्यावर माझ्यासमोर थांबले. टोपी हातात फिरवत होते.

"अंजनाबाई," ते म्हणाले, "वाकून माफी मागितली आस्ती. पर डॉक्टरनं वाकायचं न्हाई म्हनून सांगितलंय."

मी हातातली सिरिंज ताटलीत ठेवली.

"मग उभ्यानं मागा," मी म्हणाले.

आबांनी उभ्यानं मागितली.